मोहने: लाकडाचा धागा आणि निलगिरीचे वय

कल्याणच्या उत्तरेला उल्हास नदीच्या काठी असलेल्या मोहने गावाचा अलीकडचा इतिहास सांगायला बसले की तो बहुधा एका कारखान्याचा इतिहास होऊन जातो. स्वातंत्र्याच्या सुमारास स्थापन झालेली नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनआरसी. तिची कामगार वसाहत. अटाळी, वडवली, गाळेगाव या शेजारच्या गावांचे तिच्याभोवती फिरणारे जगणे. नोव्हेंबर २००९ पासून थांबलेली यंत्रे. आणि त्यानंतर कामगारांच्या देण्यांवरून आणि जमिनीवरून वर्षानुवर्षे चाललेला झगडा. हा इतिहास खरा आहे आणि तो पुन्हा पुन्हा सांगितला पाहिजे. पण त्यात एक दुवा नेहमी गळतो. रेयॉन हा लाकडापासून काढलेला धागा आहे. त्यामुळे मोहने हे गिरणगावांच्या यादीत जितके बसते तितकेच जंगलाच्या इतिहासातही बसते. त्या बाजूने पाहिले तर एक मोठा बदल दिसतो. या परिसराने शतकानुशतके लाकडाची किंमत त्याच्या टिकाऊपणावरून केली; रेयॉनच्या काळात ती किंमत झाड किती लवकर वाढते यावरून होऊ लागली. निलगिरीची आपल्याकडे जी बदनामी झाली, तिचे मूळ झाडाच्या गुणांपेक्षा या बदललेल्या मापात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी जुने माप पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख येतो, आणि पश्चिम भारतातून इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या मालात इमारती लाकूड, शिसवी आणि आबनूस यांची नोंद आहे. सहाव्या शतकातला व्यापारी प्रवासी कॉस्मस कल्याणहून निघणाऱ्या मालात पितळ आणि कापडाबरोबर शिसवीचे ओंडके सांगतो. पुढे १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि इथल्या खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. मागे मुरबाड-शहापूरचे सागवान आणि पुढे समुद्राला मिळणारी खाडी, हे या जागेचे बळ होते. या साऱ्या व्यवहारात लाकडाला एकच प्रश्न विचारला जाई: हे किती वर्षे टिकेल? साग मोलाचा, कारण त्याला वाळवी सहसा लागत नाही, खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही आणि ऊनपावसात फारसा वाकत नाही. हे गुण झाडाच्या गाभ्यात असतात, आणि गाभा तयार व्हायला दशके लागतात. म्हणून लाकडाच्या किमतीत झाडाचे वय आपोआप मोजले जाई.

रेल्वेने मागणी प्रचंड वाढवली, पण माप बदलले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी कल्याणला, आणि १८५५ मध्ये आजच्या शहाड-आंबिवली-टिटवाळा पट्ट्यातून वासिंदपर्यंत पोचली. एका मैल रुळाला पावणेदोन ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत आणि ते कुजले की बदलावे लागत. मुंबई इलाख्यात १८४७ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाताखाली जंगल खाते होते. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आली आणि सरकारी इमारती लाकडासाठी गावकऱ्यांचे हक्क आवळले गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना भाताच्या रोपवाटिकेत राब जाळायला झाडांचे टाहाळे लागत. ते तोडायला बंदी आली तेव्हा इतका असंतोष उसळला की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. म्हणजे लाकूड कोणाचे, हा वाद इथे फार जुना आहे. पण त्या वादातही सरकारचा डोळा मोठ्या, जुन्या झाडावरच होता, कारण स्लीपरसाठी गाभ्याचेच लाकूड लागे.

याच स्लीपरांच्या निमित्ताने निलगिरीचे कुळ आपल्या रेल्वेच्या इतिहासात प्रथम शिरले, आणि तेही टिकाऊ लाकूड म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा या जातीचे स्लीपर भारतातही आयात होत. निलगिरीच्या ७०० हून अधिक जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रेलियाच्या. त्यांच्या मायभूमीत हे लाकूड नाजूक किंवा हलके मुळीच मानले जात नाही. वाळलेल्या सागाचे एक घनमीटर साधारण ६५० किलो भरते. जाराचे सुमारे ८२०, आणि करड्या आयर्नबार्कचे सुमारे १,१००. पाण्याचे एक घनमीटर १,००० किलो असते, म्हणजे आयर्नबार्कचा वाळलेला ओंडकाही पाण्यात बुडतो. हे लाकूड जमिनीत पुरले तरी २५ वर्षांहून अधिक टिकते. त्यामुळे तिथे पुलांच्या तुळया, धक्क्यांचे बांधकाम, तारांचे खांब, कुंपणे आणि घरांच्या जमिनी याच लाकडाच्या झाल्या. लंडनचे रस्ते लाकडी ठोकळ्यांनी बांधले जात होते त्या काळात जारा आणि कारी या दोन जातींचे ठोकळे तिकडे जहाजांनी जात. त्याही आधी तिथल्या मूळ रहिवाशांनी नदीकाठच्या तांबड्या निलगिरीच्या सालीच्या सलग होड्या काढल्या. साल काढल्याच्या खुणा जुन्या झाडांवर आजही दिसतात. जो वृक्ष शेकडो वर्षे उभा राहतो आणि कापल्यावरही पिढीभर टिकतो, त्याची ही ओळख आहे.

भारतात मात्र या झाडाची दुसरीच ओळख रुजली. टिपू सुलतानच्या काळात, १७९० च्या सुमारास, नंदी टेकडीवरच्या बागेत निलगिरीचे बी पेरले गेले, असे वनशास्त्राच्या इतिहासात सांगितले जाते. १८४३ मध्ये निलगिरी पर्वतावर लागवडीला सुरुवात झाली, आणि तिथे हेतू होता उटीच्या छावणीसाठी व वसाहतीसाठी जळण. पुढे नंदीच्या बियाण्यातून आलेला संकरित वाण ‘म्हैसूर गम’ या नावाने देशभर पसरला. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने जलद वाढणाऱ्या, मानवनिर्मित जंगलांचा पुरस्कार केला. त्याआधीच, १९७४ मध्ये, महाराष्ट्रात वन विकास महामंडळ स्थापन झाले होते. सामाजिक वनीकरणाच्या नावाने रस्त्यांच्या कडा, गायराने आणि शेतांचे बांध निलगिरीने भरले. या साऱ्या टप्प्यांत झाडाच्या निवडीचे कारण एकच: सहा ते आठ वर्षांत ते तोडता येते, खुंटाला पुन्हा फुटवा येतो, आणि गुरे त्याचा पाला खात नाहीत. लाकूड कसे आहे हे पाहून कोणी ते निवडले नाही. झाड लवकर वाढते, एवढाच त्याचा गुण लक्षात घेतला गेला.

या घाईला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते लगद्याच्या उद्योगांत, आणि त्यांतला एक उद्योग म्हणजे रेयॉन. इथे मोहन्याचा संबंध येतो. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तीच व्हिस्कोज पद्धत मोहन्यात आणि १९५६ पासून शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये वापरली गेली. लाकडाच्या शुद्ध लगद्याचे जाड, पांढरे ताव कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात भिजवायचे, दाबून निथळायचे, त्यांचा चुरा करून मुरवायचा. मग कार्बन डायसल्फाइडशी संयोग करून नारिंगी झालेला तो चुरा पुन्हा सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवायचा. त्यातून मधासारखे दाट द्रावण तयार होते. ते बारीक छिद्रांच्या तोटीतून गंधकाम्ल आणि जस्ताच्या क्षारांच्या कुंडात सोडले की विरघळलेले सेल्युलोज पुन्हा घट्ट होते आणि धागा बनते. कापडासाठी चमकदार सूत आणि मोटारीच्या टायरमधली मजबूत दोरी, असा माल त्यातून निघे. या कामाला पाणी अमाप लागते. म्हणून जागा उल्हासच्या काठी, रेल्वेच्या जवळ आणि मुंबईच्या बाजारापासून तासाभरावर निवडली गेली.

या प्रक्रियेत लाकडाचे काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. लाकडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज असते. बाकीचा मोठा भाग लिग्निन आणि हेमिसेल्युलोज. लिग्निन म्हणजे तंतूंना एकमेकांशी बांधून लाकडाला ताठपणा देणारा पदार्थ; शिवाय गाभ्यात साठणारे राळेसारखे अर्क कीड आणि बुरशी दूर ठेवतात. जहाज बांधणारा सुतार किंवा स्लीपर निवडणारा अभियंता ज्या गुणांसाठी जास्त पैसे मोजायचा, ते गुण याच पदार्थांत असतात. रेयॉनचा लगदा करताना नेमके तेच रसायनांत शिजवून काढून टाकावे लागतात. लाकडाच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश एवढाच शुद्ध लगदा हाती उरतो. म्हणजे लाकूड जितके जुने, गाभ्याने गच्च आणि अर्कांनी भरलेले, तितके ते लगद्यासाठी गैरसोयीचे. कोवळे, फिके, एकसारखे लाकूड हेच उत्तम. कल्याणच्या खाडीत ज्याला दोष म्हटले असते तो मोहन्याच्या यंत्रापुढे गुण झाला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मोहन्याच्या कारखान्यात निलगिरीचे ओंडके कधी आलेच नाहीत. तिथे तयार लगद्याचे ताव येत, आणि या धंद्याच्या सुरुवातीच्या काळात तो लगदा बहुतांशी परदेशातल्या सूचिपर्णी झाडांचा असे. आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. शुद्ध झालेल्या लगद्यात झाडाची जात जवळजवळ पुसली जाते. उत्तरेकडचा स्प्रूस असो वा निलगिरी, कारखान्याला हवे असते ते ठरावीक शुद्धतेचे सेल्युलोज. हीच अदलाबदल शक्य झाल्यामुळे जगभर निलगिरीला हे नवे काम मिळाले. दक्षिण आफ्रिकेत उमकोमास येथे १९५५ मध्ये निघालेला लगद्याचा कारखाना निलगिरीवरच उभा राहिला. भारतातही परकीय चलन वाचवण्याचे धोरण आले तेव्हा रेयॉनधंद्यासाठी लगदा देशातच करणे सुरू झाले. ग्वाल्हेर रेयॉन्सचा मावूरचा कारखाना १९६३ मध्ये केरळातल्या बांबूवर सुरू झाला, आणि त्या बांबूचा दर टनाला एक रुपया ठरलेला होता. बांबू विरळ होत गेला तशी निलगिरी पुढे आली. १९७२ मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहर पॉलिफायबर्सचा कारखाना निघाला तो मुख्यतः निलगिरीच्या भरवशावर. रेयॉनच्या मागणीने जंगलाला कोणते माप लावले हे या घटनांतून दिसते. मोहने त्या मागणीच्या या टोकाला होते. जंगल दूर असल्यामुळे ते इथल्या माणसाच्या नजरेस पडले नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार झाला नाही.

दुसरा आक्षेप लाकूड कापणाऱ्यांचा आहे आणि तो अनुभवाचा आहे. निलगिरी करवतीला लावली की तिची टोके फाटतात, फळी पिळवटते, वाळताना आकसते, पांढऱ्या भागात भुंगा आणि वाळवी शिरते. मग ती इमारती लाकूड कसली? हे सगळे घडते. निलगिरीच्या खोडात वाढीचा ताण साठलेला असतो, तो करवतीखाली एकदम सुटतो. तिचे तंतू पुष्कळदा पिळाचे असतात. पण ज्या लाकडावरून हा निवाडा केला जातो ते बहुतेक सात-आठ वर्षांचे असते, आणि त्या वयात खोडात टिकाऊ गाभा फारसा नसतोच. बहुतेक भाग कोवळ्या, पांढऱ्या लाकडाचा असतो. सात वर्षांच्या सागाची फळी काढली तर तीही दाराच्या चौकटीला कोणी घेणार नाही. सागाला आपण निदान ४०-५० वर्षे देतो. निलगिरीला कोवळ्या वयात तोडतो आणि मग ती कच्ची निघाली म्हणतो. ब्राझील आणि उरुग्वेमध्ये योग्य जात निवडून, विरळणी करून आणि झाड जास्त काळ उभे ठेवून घडाईचे लाकूड काढले जाते. ओंडक्याच्या टोकांना लेप देणे, त्रिज्येच्या दिशेने चिरणे, सावलीत हळूहळू वाळवणे, पांढऱ्या भागाला बोरॉनसारख्या रसायनाची प्रक्रिया करणे, हे उपाय आपल्या डेहराडूनच्या आणि बेंगळुरूच्या संशोधन संस्थांनाही परिचित आहेत. त्यांना बाजार मिळाला नाही, कारण बाजाराला फळी नकोच होती.

बाजाराला काय हवे होते, हे कल्याण-डोंबिवलीच्या वाढीतही दिसते. या शहरांत उभ्या राहिलेल्या असंख्य इमारतींच्या स्लॅबखाली निलगिरीच्या बल्ल्या टेकू म्हणून लागल्या. सरळ, लांब, स्वस्त आणि वजनाला भक्कम. सेंटरिंगच्या कामाला याहून सोयीचे लाकूड मिळणे कठीण होते. इथे झाडाची ताकद निदान ताकद म्हणून वापरली गेली. पण तीही काही आठवड्यांपुरती. काँक्रीट घट्ट झाले की टेकू निघतो, पाच-दहा स्लॅब पेलून झाले की चिरफाळतो आणि शेवटी जळणात जातो. ज्या कुळातले लाकूड जमिनीत पुरून पिढीभर टिकते, त्याला आपण तात्पुरत्या आधाराचे आणि विरघळून जाण्याचे, अशी दोनच कामे दिली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. निलगिरी लावली नसती तर उद्योगाने नैसर्गिक जंगल खाल्ले असते; आणि रेयॉनचे कारखाने निघाले नसते तर मोहने, आंबिवली, शहाडच्या हजारो घरांत चूल पेटली नसती. यातला दुसरा भाग निर्विवाद आहे. कोकणातून, देशावरून, उत्तरेकडून आलेल्या माणसांनी या धाग्यावर संसार उभे केले. म्हणूनच त्यांची देणी हा कायद्याइतकाच न्यायाचा प्रश्न आहे. कार्बन डायसल्फाइडच्या वाफेत काम करण्याची किंमतही त्यांनीच मोजली, आणि रसायनांच्या सांडपाण्याचा भार उल्हास-काळूच्या पाण्याने सोसला. पहिला भाग मात्र अर्धाच खरा आहे. ओसाड जमिनीवर लावलेल्या निलगिरीने जंगलावरचा ताण कमी केला असता. पण पुष्कळ ठिकाणी ती गावाच्या गायरानावर लावली गेली. कर्नाटकात हरिहरच्या कारखान्याला लाकूड पुरवण्यासाठी सरकारच्या भागीदारीत जी कंपनी निघाली, तिने सामाईक जमिनींवर निलगिरी लावायला घेतली. तेव्हा १४ नोव्हेंबर १९८७ रोजी कुसनूर गावात लोकांनी निलगिरीची रोपे उपटून तिथे आपल्याला उपयोगी पडणारी झाडे लावली. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी राबासाठी मांडलेलाच तो प्रश्न होता: गावाच्या जमिनीवर कोणते झाड असावे, हे कोण ठरवणार? पुढच्याच वर्षी, १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात, उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून स्वतः वाढवावा आणि नैसर्गिक जंगल त्यासाठी तोडू नये, असे स्पष्ट म्हटले गेले.

पाण्याचा आरोपही इथेच तपासला पाहिजे. कर्नाटकात १९९० च्या दशकात झालेल्या मोजमापांत असे आढळले की खोल मातीवरची तरुण निलगिरी वर्षाला पडणाऱ्या पावसाहून जास्त पाणी ओढू शकते, म्हणजे ती जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर वाढते. २०१७ मध्ये त्या राज्याने नव्या लागवडीवर बंदी घातली. कमी पावसाच्या भागात ही बंदी योग्यच म्हटली पाहिजे. पण हेही लक्षात घ्यावे की दाट लावून, दर सहा-आठ वर्षांनी तोडून, पुन्हा फुटवा वाढवण्याच्या पद्धतीत रान सतत तरुण राहते, आणि जोमाने वाढणारे तरुण झाडच सर्वांत तहानलेले असते. तहान झाडाची आहे, पण ती कधीच न शमवणारी पद्धत आपण निवडलेली आहे.

या साऱ्यातून निलगिरी निर्दोष ठरते असे मी म्हणत नाही. ती इथली नाही, तिच्या सावलीत आपल्याकडचे रान फारसे रुजत नाही, आणि सह्याद्रीच्या उतारावर साग, ऐन, शिसव, हिरडा यांची जागा तिला देणे मूर्खपणाचे आहे. पण झाडाला शिव्या देऊन आपण आपल्या मापाला मोकळे सोडतो. उद्या निलगिरीऐवजी सुबाभूळ किंवा सुरू येईल, आणि माप तेच राहिले तर गावाला मिळणारे उत्तरही तेच असेल. रेयॉनचा धागा आजही जगभर निघतो, लाकडापासूनचा म्हणून तो पर्यावरणाला मानवणारा ठरवून विकलाही जातो. अशा वेळी ज्या गावाने हा उद्योग अर्धशतकाहून अधिक काळ अंगावर वागवला, त्या मोहन्याचा अनुभव नुसता कामगारलढ्याच्या किंवा जमिनीच्या कागदांत बंद ठेवणे परवडणारे नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. मोहने-शहाडच्या रेयॉनधंद्याचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात कामगार, नदी आणि जमीन यांच्याबरोबर लाकडाचेही प्रकरण असावे: लगदा कुठून आला, त्यासाठी कोणते रान तोडले गेले, कोणाच्या गायरानावर काय लावले गेले. आणि सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही नव्या लागवडीच्या योजनेत रोपांच्या संख्येआधी दोन ओळी लिहिण्याची सक्ती असावी: हे लाकूड कशासाठी, आणि हे झाड किती वर्षांनी तोडणार. ज्या योजनेला या दोन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, तिला गावाची जमीन आणि गावाचे पाणी देऊ नये.